धोरासरचा चिमटा

"…तेवढंच सांगा, बाई. भिंतीवर लावण्याच्या लायकीचं आहे, की नाही?"

बाई सांगरीच्या वाळक्या शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काय?"

"चित्र."

"कुठंय?"

दिगंबररावांनी पायाशी ठेवलेल्या लाकडी खोक्यावर हात ठेवला. खोक्याला चारी बाजूंनी कापड लावलं होतं, फटींत कापूस भरला होता. आत बोटभरही वारा शिरू नये अशी सोय होती.

"हे चित्र आहे होय," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, गावाहून लोणचं आलं."

दिगंबरराव हसले नाहीत. त्यांना हसायला वेळ नव्हता. सूर्य डोक्यावर आला होता, आणि तो धोऱ्याला टेकायच्या आत त्यांना उत्तर हवं होतं.

धोरा म्हणजे वाळूची टेकडी. धोरासर हे गावच तिच्या पायथ्याशी वसलेलं. पिवळ्या दगडाची घरं, नक्षीचे सज्जे, आणि संध्याकाळी सगळ्या गावावर मध ओतल्यासारखा उजेड. अशा गावाला चित्रकार सापडतातच. हळूहळू हवेल्यांच्या गॅलऱ्या झाल्या, धान्याच्या वखारीत स्टुडिओ निघाले, कॉफीच्या दुकानांतल्या भिंतींवर अमूर्त चित्रं लागली. थंडीच्या दिवसांत दिल्ली-मुंबईची माणसं येऊन काळे चष्मे लावून कलेवर बोलत. धोऱ्यावरच्या उंटांना तर इतकी सवय झाली होती, की कोणी चित्रफलक मांडला की ते आपणहून बाजू वळवून उभे राहत.

या सगळ्या गजबजाटात मान होता तो मात्र एका जुन्या रिवाजाला.

फाल्गुनात, पाहुण्यांची गर्दी ओसरली की एक दिवस येई. त्याला खिळ्याचा दिवस म्हणत. धोऱ्यापलीकडे जुन्या सराईची एक लांबच लांब भिंत होती. गावातला प्रत्येक चित्रकार त्या भिंतीत आयुष्यात एकदा, स्वतःच्या हाताने, एक खिळा ठोके. मग दरवर्षी त्या दिवशी त्या खिळ्यावर आपलं एक चित्र लावायचं. नावाची पाटी नाही, परीक्षक नाहीत, विक्री नाही. सूर्य धोऱ्याला टेकला की नवा खिळा ठोकायचा नाही. चित्रकार गेला तरी त्याचा खिळा काढत नसत. त्या दिवशी तो रिकामा राही, आणि लोक त्याच्यासमोरही चित्रासमोर थांबावं तसे थोडे थांबत.

आज तो दिवस होता, आणि दिगंबररावांच्या खिशात असा एक खिळा होता. लोहाराकडून घडवून घेतलेला.

तो गेल्या फाल्गुनातही खिशात होता. त्याच्या आदल्या फाल्गुनातही.

डॉ. दिगंबर हर्डीकर यांना लोक घाबरत. त्यांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या चित्रांवर लिहिलं. त्यांच्या एका परिच्छेदाने प्रदर्शनं उभी राहिली, एका वाक्याने पडली. पुण्यात सभागृहात ते शिरले की तरुण चित्रकार उगीच शर्टाची बटणं चाचपत. पण स्वतः हातात कुंचला धरला तो निवृत्तीनंतर, आणि तोही धोरासरला येऊन. कारण इथे बाई होत्या.

सगुणाबाई तांबट. इस्लामपूरच्या शाळेत दिगूला चित्रकला शिकवणाऱ्या बाई. पुढे एकदा वाळवंट बघायला म्हणून आल्या आणि परत जायचं राहूनच गेलं. धोरासरचे अर्धे चित्रकार त्यांच्या अंगणात शिकले होते. गाव त्यांना बाईसा म्हणे. दिगंबरराव म्हणत, बाई. आणि त्यांना जगात दिगू म्हणणारं आता एवढं एकच माणूस उरलं होतं.

"दिगू, तू तर मोठा जाणकार," बाई म्हणाल्या. "तुला काय वाटतं?"

"सकाळी वाटतं, जमलंय. दुपारी वाटतं, फाडून टाकावं."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी गॅलरीवाल्या बाई येतात. म्हणतात, अप्रतिम. मग झोप लागत नाही."

"का?"

"त्यांना कळत नाही म्हणून."

"आणि मला कळतं."

"तुम्हाला कळतं."

बाईंनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. दावणीची शेळी ती खाऊन मोकळी झाली.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

दिगंबररावांनी ही वेळ मनाशी पुष्कळदा घोकली होती. तरी त्यांनी आधी खिशातला खिळा चाचपला.

"तर दुपारच्या बसने जातो. पुन्हा कुंचल्याला हात लावणार नाही. खिळा तुमच्यापाशी ठेवून जाईन."

"हो म्हटलं तर?"

"तर ठोकीन."

"म्हणजे खिळा मीच ठोकायचा," बाई म्हणाल्या. "हातोडी तेवढी तुझी."

…

शेळी दिगंबररावांकडे बघत राहिली.

"उघड," बाई म्हणाल्या.

त्यांनी कापूस काढला, कापड सोडलं, कड्या उघडल्या. तान्ह्या बाळाला पाळण्यातून उचलावं तसं चित्र बाहेर घेतलं.

"जपून, बाई. काल शेवटचा हात दिलाय. रंग ओला आहे."

चित्रात धोरा होता. सकाळचा. उजेडाची बाजू फिकट गेरूची, सावलीची बाजू जांभळी, आणि दोन्हींच्या मधून कोयत्याच्या पात्यासारखी वळत गेलेली धार. काही चुकलेलं नव्हतं. दिगंबररावांना चूक दिसली असती तर बरं वाटलं असतं. चूक दाखवता येते.

बाईंनी चित्र दोन्ही हातांनी कडेला धरलं आणि उन्हाला तिरकं केलं. एका डोळ्याने त्याच्या पृष्ठावरून पाहिलं, जशी सुतार फळीची सपाटी पाहतो. मग दुसऱ्या कडेने पाहिलं.



"कुठं बसून काढलंस?"

"धोऱ्यासमोर. हॉटेलच्या गच्चीवर."

"वारा नव्हता?"

"वारा रोजच होता."

"मग वाळू कुठंय?"

दिगंबररावांचा चेहरा प्रथमच उजळला. हा प्रश्न येईल अशी त्यांची आशा होती. त्यांनी पिशवीतून एक काचेची बरणी काढली आणि बाईंसमोर ठेवली.

बरणी अर्ध्याहून जास्त भरली होती. आत वाळू होती. पण धोऱ्याची पिवळी वाळू नव्हे. कण न् कण रंगलेला होता. जांभळा, गेरू, निळा, मधूनच एखादा तांबडा.

"दिवसभर काढायचं," ते म्हणाले, "आणि दिवस मावळायच्या आत भिंगाखाली धरून रंगात बसलेला प्रत्येक कण उचलायचा. त्या जागी पुन्हा रंग भरायचा. एक कण सोडला नाही, बाई. तुमच्या चिमट्याने."

त्यांनी सदऱ्यातून काळा दोरा ओढला. दोऱ्याला पोलादाचा लहानसा चिमटा होता. धोरासरला आले त्याच दिवशी बाईंनी तो दिला होता. म्हणाल्या होत्या, हा गळ्यात घाल, इथं लागतो. एवढंच. दिगंबररावांनी पाहिलं, तर इथल्या प्रत्येक चित्रकाराच्या गळ्यात तसा चिमटा होता. त्यांच्यासारख्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

बाईंनी बरणीकडे पाहिलं. मग चिमट्याकडे. मग दिगंबररावांकडे.

"दिगू… हा चिमटा मी तुला कशाला दिला?"

"रंगातली वाळू काढायला."

…

"हमीर," बाईंनी हाक मारली.

शेजारच्या भिंतीवरून एक पागोटं वर आलं. हमीर हा बाईंचा इथला सगळ्यात जुना शिष्य. तो मराठी बोले, पण बाईंच्या शिकवण्यातून जेवढी कानावर पडली तेवढीच. त्यामुळे त्याच्या मराठीत निम्मे शब्द रागावण्याचे होते.

"हुकुम, बाईसा."

"तुझ्या गळ्यातला चिमटा कशाचा रे?"

हमीरने चिमटा हातात घेऊन पाहिला. आपल्याकडून काही चुकलं का, अशा नजरेने बाईंकडे पाहिलं.

"भुरट काढायचा, बाईसा. दुसरा कशाचा?"

"भुरट म्हणजे?" दिगंबररावांनी विचारलं.

हमीरला वाटलं, साब थट्टा करतायत. त्याने वाकून स्वतःच्या धोतराच्या काठातून काहीतरी उपटलं आणि भिंतीवरून पुढे केलं. वाटाण्याएवढी काटेरी बोंडी होती. गवताची.

"धोऱ्यावर सगळीकडे असतं. पायात जातं, कपड्यात जातं. हाताने काढलं तर काटा बोटात राहतो. म्हणून चिमटा. इथे सगळ्यांच्या गळ्यात असतो, साब. चहावाल्याच्या, उंटवाल्याच्या, पुजाऱ्याच्या."

"मी चित्रकारांच्याच गळ्यात पाहिला," दिगंबरराव हळू आवाजात म्हणाले.

"चहावाल्याकडे नीट बघा. लक्ष कुठे असतं?" हमीर म्हणाला. हे वाक्य त्याला बाईंकडूनच मिळालं होतं.

"आणि रंगातली वाळू?"

हमीरने थोडा विचार केला. मग मान हलवली.

"ती का काढायची?"



हमीरची नजर बरणीवर गेली. तो भिंतीवरून आणखी पुढे वाकला.

"बाईसा, हे कोणी केलं? रंग फार चांगले आहेत."

बाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. दिगंबररावांना हे दिसलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर एक लेख उभा राहिला. एका प्रतिष्ठित त्रैमासिकात छापून आलेला. 'वालुकाकणांचे निष्कासन: धोरासर-शैलीतील चिमट्याचे स्थान.' त्यांचाच. दोन विद्यापीठांत तो वाचायला नेमला होता. चार तरुण चित्रकारांनी पुण्यात चिमटे विकत घेतले होते.

"एवढ्या दिवसांत तुझ्या पायात एकदाही भुरट गेलं नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"धोऱ्यावर गेलासच की."

"हॉटेलची जीप माथ्यापर्यंत नेते."

"जीप," बाई म्हणाल्या.

दिगंबरराव उठले. गुडघे वाजले. ते घाईघाईने चित्र खोक्यात घालू लागले. कापूस एकीकडे, कापड एकीकडे.

"झालं, बाई. उत्तर मिळालं. मी निघतो."

"मी कुठं उत्तर दिलं?"

"ज्याला चिमटा कळला नाही, त्याने भिंतीला हात लावू नये. बस धरतो."

"बरं. जा," बाई म्हणाल्या.

त्यांनी अडवलं नाही, हे दिगंबररावांना थोडं लागलं.

"खोकं मात्र ठेवून जा," बाई म्हणाल्या. "शेळी व्यालीये. करडांना वारा सोसत नाही. कापूस चांगला घातलायस तू."

"आणि चित्र?"

"चित्राचं मी काय करू? माझ्याकडं जागा नाही. ने तुझं तू."

"उघडं?"

"तुला तर ते फाडायचंय. उघडं नेलं तर काय बिघडलं?"

दिगंबररावांनी चित्र बाहेर काढलं. बाईंनी बरणी उचलून त्यांच्या दुसऱ्या हातात दिली.

"आणि ही ज्याची त्याला परत देऊन ये."

"कोणाची?"

बाईंनी हनुवटीने धोरा दाखवला.

"माथ्यावर ओत. तिथून स्टँड दिसतो. जाताना जा तसाच. पायी जा, दिगू."

…

धोरा खालून दिसतो तसा नसतो. गच्चीवरून तर मुळीच नाही.

पायथ्याशी पिवळं पडलेलं गवत होतं. दिगंबररावांनी ते आजवर रंगाचा एक हलका फटकारा म्हणून पाहिलं होतं, आणि चित्रात तसा तो घेतलाही होता. आता ते त्यातून चालत होते. एका हातात ओलं चित्र, रंग अंगापासून दूर धरलेला. दुसऱ्या हातात बरणी. पाऊल टाकलं की वाळू ते निम्मं मागे घेई.

थोड्याच वेळात पायमोज्यात काहीतरी टोचलं. मग पायजम्याच्या काठात. मग घोट्यापाशी. हात मोकळा नव्हता. ते तसेच चालत राहिले. आपण चालत नसून कोणीतरी शिक्षा म्हणून चालवतंय असं त्यांना वाटलं, आणि राग आला. बाईंचा आला. हमीरचा आला. चहावाल्याचासुद्धा आला.

अर्ध्यावर वारा सुटला.

त्यांनी सवयीने चित्र छातीशी धरलं, मग ओला रंग आठवला आणि पुन्हा दूर केलं. एकदा पाठ वाऱ्याकडे केली, तर चढ मागे राहिला. तोंड वर केलं, तर वाळू चित्रावर. पाठमोरं चढता येत नाही, हे कळायला त्यांना फार वेळ लागला नाही.

माथ्यावर पोचले तेव्हा श्वास छातीत मावत नव्हता.

आधी दिलेलं काम. त्यांनी बरणीचं झाकण फिरवलं आणि ती उलटी केली. जांभळे, निळे, तांबडे कण खाली पडायचे ते वाऱ्यानेच उचलले. थोडे उतारावर गेले. थोडे दिगंबररावांच्या सदऱ्यावर आले. थोडे चित्रावर. पिवळ्या वाळूत ते मिसळले आणि दिसेनासे झाले.

मग पाय. आता उभं राहवेना. त्यांनी चित्राची कड वाळूत रोवून ते उभं केलं आणि स्वतः खाली बसले. पायमोजा काढायला गेले तर तो पायाला शिवल्यासारखा झाला होता. पहिलं भुरट त्यांनी बोटांनीच उपटलं. काटा बोटात राहिला. हमीरने सांगितलं होतं तसा.

त्यांनी गळ्यातला दोरा ओढला.

चिमट्याची टोकं किंचित आत वळलेली होती. भिंगाखाली वाळूचे कण उचलताना हे वळण त्यांना नेहमी आड येई, आणि त्या वळणाबद्दल त्यांनी लेखात एक वेगळी तळटीप दिली होती. आता ती टोकं भुरटाला नीट बसली. काट्यांच्या खालून शिरली, आणि बोंडी अलगद सुटून आली.

दुसरं. मग घोट्यावरचं. मग पायजम्याचा काठ. ते काढत राहिले. किती वेळ, ते त्यांनी पाहिलं नाही. काढता काढता त्यांना पाय दिसत होते, वाळू दिसत होती, वाळूवर वाऱ्याने ओढलेल्या बारीक रेघा दिसत होत्या, आणि त्या रेघा त्यांच्या डोळ्यांदेखत पुढे सरकत होत्या.

"अरेच्चा," ते एकटेच म्हणाले.

मान वर केली तर चित्र समोर होतं. त्याच्यावर वाळू बसली होती. सावलीच्या जांभळ्यात, उजेडाच्या गेरूत, आणि सगळ्यात जास्त त्या धारेवर. कोयत्याच्या पात्यासारखी ती धार आता तशी राहिली नव्हती.

त्यांचा हात चिमट्यासकट पुढे गेला. हाताला सवय होती.

पण चिमट्याच्या टोकात एक भुरट अजून अडकलेलं होतं. ते टाकायला त्यांनी हात बाजूला नेला. टाकलं. आणि मग तो हात चित्राकडे परत गेलाच नाही.

चिमटा त्यांनी सदऱ्यात टाकला.

माथ्यावरून डावीकडे स्टँड दिसत होता, आणि टपावर सामान चढवलेली बस. उजवीकडे सराईची भिंत, आणि तिच्यावर रंगांचे लहान लहान तुकडे. दोन्ही बाजूंना उतारच होता.

बसचा हॉर्न वाजला…

दिगंबररावांनी चित्र उचललं.

…

भिंतीपाशी बरीच माणसं जमली होती. काळे चष्मे थोडे, पागोटी जास्त. हमीर उंटगाडीतून केव्हाच येऊन पोचला होता. त्याने स्वतःच्या खिळ्यावर स्वतःचं चित्र लावलं होतं, आणि भिंतीच्या मधोमध एका गंजलेल्या खिळ्यावर बाईंचं. बाईंचं चित्र वहीच्या पानाएवढं होतं. शेळीचा एक कान आणि त्याची सावली.

"बाई कुठे आहेत?" दिगंबररावांनी विचारलं.

"चालत येतात. आजच्या दिवशी बाईसा गाडीत बसत नाहीत."

हमीरने त्यांच्या पायांकडे पाहिलं. पायजम्याकडे पाहिलं. मग चित्राकडे पाहिलं. कमरेची हातोडी काढून पुढे केली.

सूर्य धोऱ्यापासून थोडाच वर होता.

दिगंबररावांनी एक मोकळी जागा निवडली. मग ती फार मध्यावर आहे असं वाटून थोडी बाजूची निवडली. मग ती एका रिकाम्या खिळ्याच्या फार जवळ वाटली.

"साब," हमीर म्हणाला, "पूर्ण पान रिकामं आहे. कुठेही काढा."

त्यांनी खिळा टेकवला आणि हातोडी मारली. टक. टक. दगडाची नुसती भुकटी पडली. खिळा वाकडा होऊन निसटला.

मागे कोणीतरी खाकरलं.

त्यांनी तो उचलून पुन्हा टेकवला. टक. टक.

"भिंतीला विचारताय काय?" हमीर म्हणाला. "हात घट्ट. हात भ्याला की रेघ भिते."

हे इस्लामपूरच्या शाळेत दिगंबररावांनी दिगू असताना ऐकलं होतं. त्याच शब्दांत. फरक एवढाच, की तेव्हा पाठीवर पट्टीही बसली होती.

त्यांनी हातोडी मागे नेली आणि मारली.

आवाज सराईच्या आतपर्यंत घुमला. दोन कबुतरं उडाली. खिळा निम्मा आत गेला होता.

आणखी एकदा मारली. मग चित्र लावलं, आणि ते सरळ आहे का हे न पाहता मागे सरले. थोडं तिरकंच होतं.

कोणी अप्रतिम म्हटलं नाही. दोन-तीन माणसं येऊन उभी राहिली. चहावाला आला. त्याच्या गळ्यात चिमटा होता. तो चित्राच्या फार जवळ गेला, वाळूवरून नजर फिरवली, मग वळून खऱ्या धोऱ्याकडे पाहिलं.

"वारा आज पूर्वेचा होता," तो शेजाऱ्याला म्हणाला, आणि पुढच्या चित्राकडे गेला.

दिगंबरराव तिथेच उभे होते. आपण उभे आहोत आणि पळालो नाही, याचं त्यांना मनातून नवल वाटत होतं.

सूर्य धोऱ्याला टेकला तेव्हा उतारावरून एक काठी आणि एक पांढरं लुगडं खाली येताना दिसलं. बाई सावकाश येत होत्या. पाऊल उचलायच्या, खाली पाहायच्या, आणि मगच टेकवायच्या. लोकांनी वाट दिली. त्या सरळ नव्या खिळ्यापाशी आल्या आणि दोन्ही हात काठीवर ठेवून चित्रासमोर थांबल्या.

त्यांनी ते तिरकं करून पाहिलं नाही. एक डोळाही मिटला नाही. नुसत्या बघत राहिल्या.

वारा पडला होता. चित्रावरच्या धारेतला एखादा कण अजून सुटून खाली येत होता.

दिगंबररावांनी ठरवलं होतं, आता विचारायचं नाही. चित्र लावलं, खिळा बसला, सूर्य टेकला. आता विचारून काय मिळणार? त्यांनी ओठ घट्ट मिटले. ते बरेच टिकले.

"बाई…"

"हं."

"आता तरी सांगा. पुरं झालं का?"

बाईंनी काठी भिंतीला टेकवली. सराईच्या पायरीवर बसल्या. डावी चप्पल काढली, आणि पाऊल पुढे केलं.

"सगळा भुरटातनंच चालत आलास की रे, दिगू," त्या म्हणाल्या. "आणि मी आपली तुझ्या पावलांवर पाऊल ठेवत… चिमटा काढ."